ब्रेसेस निघाल्यावर रिटेनर कशाला?

ब्रेसेस निघाले की उपचार संपले असं वाटतं आणि रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा काढता-घालता येणारा साचा, डबीतच राहतो. पण सरकवलेल्या दातांभोवतीचं हाड आणि हिरड्यांमधले तंतू नव्या जागी स्थिरावायला बरेच महिने लागतात. तोवर दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास तो लावाच. पुढेही बहुतेकांना रात्री लागतो. धुवायला गरम पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. साधं पाणी, मऊ ब्रश पुरे. जेवताना काढलात तर टिश्यूत गुंडाळू नका, कित्येक रिटेनर असेच कचऱ्यात जातात! आणि काही दिवसांच्या खंडानंतर नीट बसेनासा झाला, तर जोर लावू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.