घरी चार्म बनवताना या चुका टाळा: सुरुवात कडीपासून

घरी बनवलेला चार्म, म्हणजे साखळीला किंवा ब्रेसलेटला लटकवायचा छोटा लोलक, मधोमध क्वचितच तुटतो. बहुतेक वेळा तो गळून पडतो आणि कुठे पडला हे घरी आल्यावर लक्षात येते. आकार, रंग आणि चकाकी यांवर दोन-दोन तास खर्च करणारे आपण कडी अडकवण्याचे काम शेवटच्या दोन मिनिटांत उरकतो, हे त्यामागचे खरे कारण आहे. म्हणून या लेखात मातीच्या आणि रेझिनच्या (साच्यात ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रवाच्या) आधी कडीचा विचार केला आहे.

कडी उघडण्याची पद्धत

जंप रिंग, म्हणजे कापलेली गोल कडी, दोन्ही टोके बाजूला फाकवून उघडणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. अशी फाकवलेली कडी पुन्हा कितीही दाबली तरी पूर्ण गोल होत नाही आणि टोकांमध्ये फट राहतेच. कडी दोन पकडींनी धरावी, कापलेली जागा वरच्या बाजूस ठेवावी आणि एक टोक आपल्याकडे, तर दुसरे आपल्यापासून दूर असे वळवावे. बंद करताना तीच हालचाल उलट करायची असते, मात्र टोके समोरासमोर आली की लगेच थांबू नये. तार वाकवल्यावर थोडी मागे उसळते, त्यामुळे टोके एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन आणि आतल्या बाजूला हलका दाब देऊन परत आणावीत. ती एकमेकांवर घासल्याचे हाताला जाणवले की कडी नीट बसली असे समजावे. खात्री करायची असेल तर शिवणाचा बारीक धागा कडीत ओवून जोडावरून ओढावा. धागा जिथून निसटतो, तिथून बारीक साखळीही निसटू शकते.

पकडी दात नसलेल्या, सपाट तोंडाच्या असाव्यात, नाहीतर तारेवर ओरखडे उठतात आणि मुलामा तिथूनच निघू लागतो.

तारेच्या जाडीबाबत नवशिक्यांची हमखास फसगत होते, कारण गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. 22 गेजची तार सुमारे 0.64 मिलिमीटर, 20 गेजची 0.81 आणि 18 गेजची 1.02 मिलिमीटर जाड असते. हात सतत कुठे ना कुठे अडकत असल्यामुळे ब्रेसलेटसाठी 20 गेजपेक्षा बारीक कडी वापरू नये, असे माझे मत आहे. कानातल्यांसाठी बारीक कडी चालते. किल्ल्यांना किंवा पिशवीला लावायच्या चार्मसाठी मात्र दुहेरी वेढ्याची स्प्लिट रिंगच घ्यावी.

चार्म सतत आडवा का फिरतो?

पुष्कळ जण याचा दोष चार्मच्या वजनाला देतात, परंतु तो बहुधा कड्यांच्या संख्येत असतो. एकात एक अडकवलेली प्रत्येक कडी आधीच्या कडीशी काटकोनात बसते. चपट्या चार्मला समोरून मागे जाणारे छिद्र असेल आणि गळ्यातली साखळी थेट कडीतून ओवलेली असेल, तर एका कडीने चार्म समोर तोंड करून राहतो. लांबी वाढवण्यासाठी दुसरी कडी जोडताच तो आडवा होऊन समोरून फक्त त्याची कड दिसते. अशा वेळी एक कडी काढावी किंवा आणखी एक घालावी. वर आय पिन, म्हणजे एका टोकाला गोल डोळा असलेली तारेची पिन, बसवलेली असेल, तर तिचा डोळा पाव वळसा फिरवूनही हेच साधते.

आय पिनचीच आणखी एक चूक म्हणजे ती कच्च्या पॉलिमर क्लेमध्ये (ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या मातीत) सरळ खोचून तशीच भाजणे. ही माती धातूला चिकटत नाही, ती फक्त त्याच्याभोवती घट्ट होते, त्यामुळे सरळ पिन थोड्या झटक्याने बाहेर येते. पिनच्या आतल्या टोकाला आकड्यासारखा बाक द्यावा. सरळच पिन हवी असेल तर भाजून गार झाल्यावर ती काढावी आणि गोंद लावून पुन्हा बसवावी.

पॉलिमर क्ले: ठिसूळपणाचे कारण

भाजलेला चार्म ठिसूळ निघाला की तो जास्त भाजला गेला असे वाटते आणि पुढच्या वेळी आपण वेळ आणखी कमी करतो. प्रत्यक्षात ठिसूळपणा हे बहुधा कमी भाजल्याचे लक्षण असते. पॉलिमर क्ले ही खरी माती नसून मुळात पीव्हीसी हे प्लास्टिक आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य यांचे मिश्रण आहे; पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली तरच तिचे कण एकजीव होतात. पाकिटावरचे तापमान बहुधा 110 ते 130 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, परंतु ओव्हनच्या खटक्यावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत बराच फरक असू शकतो. वेगळा ओव्हन थर्मामीटर ही या छंदातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे. जळण्याची भीती वाटत असेल तर वेळ कमी न करता चार्मवर फॉइलचे सैल झाकण ठेवावे. चार्मबरोबर दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी भाजावी आणि गार झाल्यावर वाकवून पाहावी: ती वाकली तर काम झाले, कडकन मोडली तर सगळे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावे. पुन्हा भाजल्याने काही बिघडत नाही. मात्र तापमान बरेच वाढून माती करपू लागली तर त्रासदायक वायू बाहेर पडतो. तेव्हा ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात.

चकाकीसाठी नेलपॉलिश लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यातल्या द्रावकामुळे काही दिवसांनी पृष्ठभाग चिकट होऊ शकतो.

रेझिन चिकट राहिले तर

दोन भागांच्या इपॉक्सी रेझिनमध्ये चार्म बनवणाऱ्यांची अडचण मिश्रण अगदी थोडे असण्यातून येते. मोठ्या साच्यात अर्ध्या मिलिलिटरची चूक पचून जाते. पाच मिलिलिटर रेझिनला पाच मिलिलिटर हार्डनर (रेझिन कडक करणारा दुसरा भाग) घेताना तीच चूक दहा टक्क्यांची ठरते. म्हणून तीन-चार चार्मचे मिश्रण एकदम करावे आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजावे. बाटलीवरचे प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, हेही नीट वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. हार्डनर जास्त घातल्याने रेझिन लवकर सुकते हा समज चुकीचा आहे; जास्तीचा हार्डनर तसाच शिल्लक राहतो आणि चार्म मऊ पडतो. फक्त काही ठिपके चिकट राहिले असतील तर कपच्या कडा खरवडून ढवळल्या गेल्या नाहीत असे समजावे.

यूव्ही रेझिनची, म्हणजे अतिनील दिव्याखाली कडक होणाऱ्या रेझिनची, गोष्ट वेगळी आहे. त्यात गडद, अपारदर्शक रंग घातला की प्रकाश आत पोहोचत नाही, वरचा थर कडक होतो आणि आत द्रव राहतो. दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर दिव्याखाली धरावा. पूर्ण कडक झाल्यावरही वर पातळ चिकट पापुद्रा उरला, तर तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो.

आत ठेवायचे फूल वरून कोरडे दिसले तरी देठात ओल असते, आणि तीच पुढे तपकिरी डाग होऊन वर येते. कागदाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या गोंदाचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर त्यावर तेलकट डाग पडतात. कच्चे रेझिन उघड्या हाताने हाताळल्यास त्वचेला त्याची कायमची अॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्रिलचे हातमोजे घालावेत आणि घासकाम पाण्याखाली करावे.

आकसणारे प्लास्टिक

छिद्र नेहमी तापवण्यापूर्वी पाडावे. हे प्लास्टिक निम्म्याहून लहान होते, म्हणून कागदाच्या साध्या पंचने पाडलेले सहा मिलिमीटरचे छिद्र शेवटी कडीपुरतेच उरते. तापताना तुकडा गुंडाळी होतो तेव्हा घाबरून बाहेर काढू नये. तो स्वतःच पुन्हा सपाट होतो. बाहेर काढताच त्यावर सपाट, जड वस्तू काही सेकंद दाबून धरावी.

धातू आणि त्वचा

चार्म निर्दोष असूनही कडीखाली खाज किंवा पुरळ उठले, तर प्रथम निकेलचा संशय घ्यावा. तांब्यामुळे पडणारा हिरवट डाग मात्र धुतल्यावर जातो. पारदर्शक नेलपॉलिशचा लेप हा तात्पुरता इलाज आहे, कारण तो घर्षणाने लवकरच निघतो. त्यापेक्षा टायटॅनियमच्या किंवा निकेलमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कड्या घ्याव्यात आणि जुनी कडी वरच्या पद्धतीने वळवून काढावी. चार्म तोच राहतो.