खुल्या हार्डवेअरचं सामायिक भांडार: आधी फोल्डर ठरवा, मग फाइली टाका

सांगली-मिरजेकडे चार जण मिळून ठिबकच्या कंट्रोलरचं खुलं (कुणीही बघावं, बनवावं, बदलावं असं) डिझाइन करायला घेतात आणि बघता बघता ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा फाइलींचा ढिगारा होतो. बोर्ड छापायला नेमकी कुठली फाइल द्यायची, कुणालाच सांगता येत नाही.

१. गिटहब किंवा गिटलॅबवर (‘गिट’ या प्रणालीने फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साइट) एका वस्तूला एकच रिपॉझिटरी, म्हणजे भांडार. आत दोन फोल्डर: ‘मूळ’ आणि ‘निर्मिती’.

२. ‘मूळ’मध्ये किकॅड (सर्किट बोर्डसाठीचं सॉफ्टवेअर), फ्रीकॅड (भागांच्या त्रिमितीय डिझाइनसाठीचं) यांच्या फाइली. ‘निर्मिती’त गर्बर (बोर्ड छापणाऱ्याला द्यायची फाइल), स्टेप (इतर कॅड सॉफ्टवेअरमध्येही उघडणारं त्रिमितीय मॉडेल) आणि मापं टाकलेली पीडीएफ. ही पीडीएफ करायचा सगळ्यांनाच कंटाळा. पण कुपवाड एमआयडीसीतला लेथवाला तुमच्यासाठी फ्रीकॅड थोडंच टाकून घेणार? त्याला मोबाइलवर ड्रॉइंग दिसलं की काम सुरू.

३. आवृत्तीचा आकडा फाइलीच्या नावात नको, गिटच्या टॅगमध्ये (त्या आवृत्तीला लावलेली खूणचिठ्ठी) द्या. तोच आकडा बोर्डच्या सिल्कस्क्रीनवरही (बोर्डवरची छापील अक्षरं) छापा. शेतातून बंद पडून आलेला बोर्ड १.१ की १.२, हे हातात घेताच कळतं.

४. सुट्या भागांची यादी एक्सेलऐवजी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल). कुठली ओळ बदलली ते गिट दाखवतं. ‘पर्यायी भाग’ असा एक रकाना हवाच, ठरलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) गावात मिळेलच असं नाही.

जपायचं एवढंच: लायसन्सची फाइल पहिल्याच दिवशी टाका. ती नसेल तर डिझाइन सगळ्यांना दिसतं, पण वापरायचा हक्क कुणालाच मिळत नाही. हार्डवेअरसाठी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं ओएचएल (ओपन हार्डवेअर लायसन्स), आवृत्ती २ (२०२०) आहे. फेरफारही खुलेच राहावेत असं वाटत असेल तर त्यातला ‘एस’ प्रकार, कुणी कसंही वापरलं तरी चालत असेल तर ‘पी’.