किचनची पहिली नोकरी: पगाराआधी ड्युटीचे तास विचारा

ट्रायलला शेफ कांदा कापायला लावतो, एखादी ग्रेव्ही करून घेतो आणि मग एचआर आकडा सांगतो: अठरा हजार इन हँड, जेवण आमचं. नवी पोरं तिथेच हो म्हणतात. मी कॉमीचा (शिकाऊ शेफचा) सीडीपी, म्हणजे एका सेक्शनचा शेफ, झालो तो मुंबई-पुण्याच्या किचनमध्येच, म्हणून सांगतो, आधी मोबाइलवर भागाकार करा. बारा तास, २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. तासाला पडले जेमतेम ५८ रुपये. शेजारचा १६ हजार देऊन आठ तासांत सोडत असेल, तर तिथे ७७ पडतात.

ब्रेक शिफ्ट असेल तर हे गणितही फसवं. अकरा ते साडेतीन, पुन्हा साडेसहा ते बारा. कागदावर दहा तास, पण मधल्या वेळात खोलीवर जाऊन येणं परवडत नाही, मग पोरं बँक्वेट हॉलमध्ये टेबलक्लॉथ अंथरून झोपतात.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. मोजक्या माणसांच्या हॉटेलांना यातलं बरंच लागू होत नाही. किमान वेतन मात्र सगळीकडे द्यावंच लागतं. लेबर ऑफिसात पहिल्यांदा पुरावा मागतात, म्हणून वॉक-इनच्या (किचनमधल्या शीतखोलीच्या) दारावर लावलेल्या ड्युटी चार्टचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. पीएफ कापतात म्हणजे भरतात असं नाही, उमंग या सरकारी अ‍ॅपवर पासबुक बघत जा. सर्व्हिस चार्जचा वाटा पगारात धरू नका. तो ग्राहकावर सक्तीनं लावता येणार नाही, असं दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये सांगितलंय.

तंदूर किंवा चायनीजचा सेक्शन वस्तादानं, म्हणजे तिथल्या मुख्य आचाऱ्यानं, ठेक्यावर घेतला असेल, तर जरा जपून. पगार त्याच्या हातून रोख मिळतो, हॉटेलच्या मस्टरवर तुमचं नावच नसतं. पैसे अडकले की मालक वस्तादाकडे बोट दाखवतो आणि वस्ताद नेमका गावाला गेलेला असतो.

युनियन? मुंबईतल्या काही मोठ्या स्टार हॉटेलांत आहे, करार होतात, कायम झालेल्यांचं बरं चालतं. बाहेरच्या रेस्टॉरंटांत शोधूनही सापडायची नाही. मालक धाक दाखवतात हे खरंच, पण आपणही दोन हजार जास्त मिळाले की बॅग उचलतो. नोंदणीच्या अर्जाला कायद्यानं सात जण लागतात. ते सात जण वर्षभर एका किचनमध्ये टिकायला नकोत का? हॉटेलवाल्यांची संघटना होतच नाही म्हणणाऱ्यांना सांगा, जॉर्ज फर्नांडिस यांनी सुरुवातच मंगळूरच्या हॉटेल आणि वाहतूक कामगारांपासून केली होती.

अजून एक. दोन-तीन वर्षांनी ‘ज्युनिअर सू-शेफ’ (मुख्य शेफच्या हाताखालचं पद) असं बढतीचं पत्र येतं. एचआर म्हणतं, आता तुम्ही मॅनेजमेंट. ओव्हरटाइम विसरा, युनियनही विसरा. कोर्ट मात्र पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतं. दिवसभर रेंजवर, म्हणजे शेगडीपुढे, तुम्हीच उभे असाल आणि कुणाची साधी रजा मंजूर करायचा अधिकार नसेल, तर नुसत्या नव्या कोटानं तुम्ही मॅनेजर होत नाही. पत्रावर सही करण्याआधी कामाचं स्वरूप आणि अधिकार लेखी मागून घ्या.