घरात तोडफोड करण्याआधी: परवानगीचं काम नीट कसं करावं

सुरुवात अर्जापासून नाही, जुन्या मंजूर नकाशापासून करा. त्याची प्रत मिळवा, हातात टेप घ्या आणि खोलीन्‌खोली मोजून ताडून पाहा. आधीच्या मालकाने बाल्कनी बंद केली असेल किंवा न्हाणीघर सरकवलं असेल, तर ते नकाशात नसतं आणि नव्या अर्जाची छाननी नेमकी तिथे अडते. असा फरक सापडला तर आपणहून दाखवा, आणि तो नियमित करून घेता येतो का ते आधी विचारा.

रंग, कपाटं, जुन्या जागीच नवा नळ, यांना बहुधा परवानगी लागत नाही. भिंत पाडणं, खिडकी मोठी करणं, संडास-न्हाणीघर दुसरीकडे नेणं, विजेचा भार वाढवणं, जिना किंवा मजला चढवणं, यांना बहुतेक ठिकाणी लागते. नियम गावागणिक बदलतात, म्हणून स्थानिक बांधकाम विभागाकडून उत्तर लेखीच घ्या. इमारतीच्या संस्थेची संमती ही वेगळी बाब. एक हातात आली म्हणून दुसरी टळत नाही.

खरा घोळ होतो तो वजनाचा. भिंत ठोकून ‘ही पोकळ वाजते, पाडू या’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साडेचार इंची भिंत बहुतेकदा नुसती आडोशाची असते आणि नऊ इंची भार घेणारी, पण जाडीवरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही. वरचा स्लॅब कशावर टेकलाय, बीम कुठून कुठे गेलाय, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच पाहायला हवं. वाढीव वजनाचंही तेच. जुन्या फरशीवर सिमेंट-वाळूचा ५० मिलिमीटर मसाला टाकला की दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढतात; १२ चौरस मीटरच्या खोलीत १,२०० किलो, आणि यात नवी फरशी धरलेलीच नाही. स्लॅबमध्ये त्याला ताकद देणाऱ्या, ताण दिलेल्या पोलादी केबल असतील तर त्यांची जागा शोधून घेतल्याशिवाय एकही भोक पाडू नका. ताणलेली केबल तुटली तर माणूस जायबंदी होऊ शकतो आणि स्लॅबची ताकदही घटते.

अर्जासोबत सध्याचा आणि प्रस्तावित असे दोन्ही नकाशे, एक छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारं रेखाचित्र) आणि इंजिनिअरचा हिशेब जोडा. तोडायचं आणि नवं बांधायचं वेगवेगळ्या रंगांत दाखवा. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं मोघम लिहू नका. कोणती भिंत, किती लांब, जागी काय येणार, ते लिहा. अर्ज परत येतात ते बहुतेक अपुऱ्या मापांमुळे. परवाना कुणाच्या नावावर निघतो तेही पाहा. परवानाधारक कंत्राटदार ‘तुमच्याच नावाने काढा’ म्हणत असेल तर कारण विचारा, कारण काही चुकलं तर त्याची जबाबदारी मग तुमच्यावर येऊ शकते.

काम सुरू झाल्यावर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: तपासणीआधी काहीही झाकायचं नाही. सळ्या बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्याआधी, पाइप दाबाखाली तपासून भिंत बुजवण्याआधी, वायरी ओढून प्लास्टर करण्याआधी तपासनीस यायला हवा. गवंडी घाई करतात, कारण त्यांचा दिवस वाया जातो. पण नंतर ‘उघडून दाखवा’ असा आदेश आला तर ताजं प्लास्टर तुमच्याच खर्चाने फोडावं लागतं. म्हणून तपासणीची तारीख आधी ठरवा, गवंड्याला त्यानंतर बोलवा. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल.

मधेच बेत बदलला, दार दोन फूट सरकवलं, तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या. परवान्याची मुदतही कॅलेंडरवर लिहून ठेवा. काम रेंगाळलं तर संपण्याआधीच वाढ मागा. शेवटची तपासणी झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्या आणि मगच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्या.