शिबिराच्या स्वयंपाकघरात मदतीला येताना

मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीचं युवक शिबिर दिवाडी बेटावर असतं. साठेक मुलं, चार दिवस, आणि स्वयंपाकघरात मी. माहेर नगरचं, पण गोव्यात येऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा कुणी पहिल्यांदाच मदतीला येणार असेल, तर एवढं वाचून या.

किराणा आदल्या दिवशीच बेटावर पोचवा. जुन्या गोव्याहून फेरीबोट काही मिनिटांत मांडवी पार करते खरी, पण मिठाच्या पुडीसाठी पुन्हा मागे फिरायचं म्हणजे सकाळ गेलीच. घरी माणशी शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो. फुटबॉल खेळून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला दीडशे धरा, म्हणजे साठ जणांना एका वेळेला 9 किलो.

नाश्त्याला पातळ भाजी आणि पाव. पांढरे वाटाणे शेकोटीला जाण्याआधी भिजत घाला. गाणी म्हणून परत आल्यावर कुणाच्याच लक्षात राहत नाही. पहिल्या वर्षी आमचं तसंच झालं आणि साठ जणांनी पाव चहात बुडवून खाल्ले. मजा म्हणजे दुसऱ्या दिवशीही तेच मागत होते! पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या संध्याकाळीच आकडा सांगा. माणशी चार, म्हणजे अडीचशेच्या आसपास. सकाळी त्याच्या सायकलचा भोंपू वाजला की मुलं आपोआप उठतात.

आता खरं सांगायचं ते. कांदा-लसूण एकट्यानं निवडत बसू नका. चार स्टुलं जास्तीची मांडून ठेवा आणि मुलांना बोलवा. सभागृहात पाळकसाहेबांनी ‘कुणाला साक्ष द्यायची आहे?’ म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा आहे का, असं विचारलं की हात वर करणारी तीच पाच-सहा मुलं असतात. बाकीची बोलतात ती सोलता सोलता, मान खाली घालून.

गेल्या वर्षी एक मुलगा दोन दिवस कुणाशी बोललाच नव्हता. त्याच्या हातात लसणाचा गड्डा दिला. त्यानं पाकळ्या सुट्या केल्या, तळहातावर घेतल्या, दुसऱ्या तळव्यानं चोळल्या आणि फुंकर मारली. सालं उडाली, पांढऱ्याशुभ्र पाकळ्या राहिल्या. “मावशी, आमची आजी असंच करते,” म्हणाला. मग थांबून, “करायची.” चौथ्या गड्ड्यापर्यंत तो आजीबद्दलच सांगत होता. अशा वेळी उपदेश करू नका, बायबलचं वचनही सांगू नका. मी पुढचा गड्डा त्याच्याकडे सरकवला, एवढंच. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी तो बाह्या सारून ओट्यापाशी हजर होता.

कांदे फार असले तर ओव्या म्हणा. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण इथेच गोव्यात, रायतूरला 1616 मध्ये छापलं गेलं, आणि ते मराठी ओव्यांत आहे. चाल साधी, एकीनं म्हणायची, बाकीच्यांनी मागून. मुलांना अर्धे शब्द कळत नाहीत, तरी सूर धरतात.

दुपारच्या उन्हाला कोकम सरबत, त्यात मीठ विसरू नका. कुणाला घेरी आली तर सावलीत बसवा आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ ढवळून घोट घोट पाजा. माप चहाच्या चमच्याचं. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. तेवढ्यानं बरं वाटलं नाही तर लगेच डॉक्टर.

शेवटच्या दिवशी फेरीत चढण्याआधी झारे, डाव, पळ्या मोजून घ्या. गेल्या वर्षी मोठा डाव सापडेना. नाटुकलीत मोशेची काठी म्हणून नेला होता, आणि तांबडा समुद्र म्हणून माझी निळी ओढणी. दोन्ही त्या लसूणवाल्या पोराच्या पिशवीत निघाले, ओढणी नीट घडी घालून.