गो सर्व्हिस: ४०४ दिला तरी क्लायंटला २०० मिळत होता

लक्षण असं: गो भाषेत लिहिलेल्या सर्व्हिसमध्ये रेकॉर्ड सापडला नाही की उत्तराच्या बॉडीत एररचा मजकूर बरोबर जायचा, पण स्टेटस कोड ४०४ (सापडलं नाही) ऐवजी २०० (सगळं ठीक). सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘सुपरफ्लुअस रिस्पॉन्स डॉट राइटहेडर कॉल’ अशी ओळ, म्हणजे स्टेटस कोड पाठवणारं राइटहेडर फंक्शन नको असताना पुन्हा बोलावलं. प्रॉक्सी काढून पाहिला, क्लायंटची कॅश साफ केली, राउटरही बदलला. डोकं पिकलं, फरक शून्य.

कारण असं: राइटहेडरच्या आधी बॉडीसाठी राइट झालं, की गोचं नेट-एचटीटीपी पॅकेज आपणहून २०० ठरवून मोकळं होतं. नंतरचा ४०४ ते ऐकतच नाही, फक्त लॉगमध्ये कुरकुरतं.

चाललेला क्रम: आधी जेसन (डेटा मजकुरात मांडायची पद्धत) बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत तयार करा, म्हणजे एन्कोडिंग फसलंच तर अजून ५०० (सर्व्हरची चूक) देता येतो. मग मजकुराचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हेडर सेट करा. त्यानंतर राइटहेडरला ४०४ द्या, एकदाच. शेवटी बफर लिहा. कंटेंट-टाइप राइटहेडरच्या खाली गेला तर तो गळतो आणि जेसन साधा मजकूर म्हणून पोहोचतो.

एररचं उत्तर लिहिणारं एचटीटीपी डॉट एरर फंक्शन वापरत असाल तर लगेच खाली रिटर्न हवाच. ते फंक्शन हँडलर, म्हणजे विनंतीला उत्तर देणारा तुमचा कोड, थांबवत नाही. तपासायला टर्मिनलवर कर्ल हायफन आय ही कमांड पुरे, पहिल्याच ओळीत कोड दिसतो.