मानेतली गाठ आणि ‘टी-सेल लिम्फोमा’: निदान कसं पक्कं करावं, रिपोर्ट कसा वाचावा

दाढ दुखली, टॉन्सिल सुजले, डोक्यात खवडे झाले की जबड्याखाली किंवा मानेमागे अवधाण येतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकणाऱ्या गाठीबद्दल आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच आहे. लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या पेशींच्या कर्करोगाचा, नंबर त्यानंतरचा. त्यातही टी-सेल (टी नावाच्या पांढऱ्या पेशींपासूनचा) प्रकार विरळा, नॉन-हॉजकिन या लिम्फोमांच्या मोठ्या गटापैकी साधारण 10 ते 15 टक्के. विरळा म्हणूनच त्याच्या निदानात वेळ जातो आणि चुकीच्या वाटाही लागतात.

१. गाठीची नोंद करा

कुठे आहे, कधीपासून आहे, वाढतेय का, हे लिहून ठेवा. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही आणि हाताला रबरासारखी लागते. हाडासारखी टणक, जागची न हलणारी गाठ असेल तर तोंड-घशाच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो, विशेषतः तंबाखूची सवय असेल तर. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ कितीही लहान असली तरी दाखवायचीच.

सोबत तीन गोष्टी विचारल्या जातील: कारण न सापडणारा 38 अंश सेल्सियसच्या वरचा ताप, अंथरूण भिजेल इतका रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वजन घटणं. रिपोर्टमध्ये यांनाच ‘बी सिम्प्टम्स’ म्हणतात. गंमत अशी की क्षयातही हेच होतं. म्हणून लक्षणांवरून निकाल लावू नका.

२. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढून तपासा

एफएनएसी, म्हणजे सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, सुरुवातीला ठीक. पण लिम्फोमाचा प्रकार ठरवायला ग्रंथीची आतली रचना दिसावी लागते. चार विटा हातात घेऊन घराचा नकाशा कळत नाही, तसंच हे. शक्य तिथे पूर्ण ग्रंथी काढावी; ती खोल असेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी करतात.

इथे दोन सावधगिऱ्या. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड घेऊ नका. गाठ विरघळल्यासारखी होते, तापही उतरतो आणि निदान मात्र हुकतं. दुसरी, पुरावा नसताना ‘टीबीची औषधं घेऊन बघू’ असं झालं आणि गाठ वाढतच राहिली, तर बायोप्सीचा आग्रह धरा. नुसता ‘ग्रॅन्युलोमा’ (सूजेच्या पेशींचा पुंजका) दिसला म्हणजे क्षयच असंही नाही. काही लिम्फोमांतही तो दिसतो. शस्त्रक्रियेआधी सर्जनना एक विनंती करा: गाठीचा छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमधून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत.

३. आयएचसी रिपोर्ट वाचा

खरी गोष्ट इथे आहे. आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) तपासणीत पेशींवरची प्रथिनं रंगवून पाहतात. सीडी3 हे टी-पेशींचं ओळखपत्र, सीडी20 बी-पेशींचं. मात्र टी-सेल लिम्फोमाच्या गाठीतही साध्या बी-पेशी विखुरलेल्या असतात, त्यामुळे ‘सीडी20 पॉझिटिव्ह’ एवढंच वाचून गोंधळू नका. ते कोणत्या पेशींत आहे, हे महत्त्वाचं. सीडी5 किंवा सीडी7 पुसलं जाणं ही टी-पेशी बिघडल्याची खूण असू शकते. शंका उरली तर टी-सेल रिसेप्टर जनुकाची तपासणी होते.

‘टी-सेल लिम्फोमा’ एवढ्यावर थांबू नका, पुढचं नाव विचारा. सीडी30 जवळजवळ सगळ्या पेशींत ठळक असेल तर अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल. त्यात ‘एएलके’ पॉझिटिव्ह निघालं तर सहसा रोगी तरुण असतो आणि उपचारांना प्रतिसादही चांगला मिळतो. सीडी10, पीडी-1 पॉझिटिव्ह आणि सोबत पुरळ, खाज, अनेक ठिकाणी गाठी असतील तर अँजिओइम्युनोब्लास्टिक. कशातच न बसणारा तो ‘पीटीसीएल-एनओएस’, म्हणजे वेगळं नाव न देता येणारा टी-सेल लिम्फोमा. नाकातून सुरू होणारा एनके/टी-सेल प्रकार वेगळाच. तो एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेला असतो आणि त्याच्या उपचारात अ‍ॅस्पॅराजिनेज हे औषध लागतं.

कधी तरुण मुलीच्या मानेतली गाठ लिम्फोमासारखी दिसते आणि निघतो किकुची आजार, जो बहुधा आपोआप बरा होतो. म्हणून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) ताब्यात घ्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात लिम्फोमाच्या जाणकार पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. त्यात काही दिवस जातील. रोग्याला श्वासाचा त्रास नसेल, तब्येत झपाट्याने ढासळत नसेल, तर ते जाऊ द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

४. स्टेज समजून घ्या

रोग कुठवर पसरलाय ते पाहायला पेट-सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे अस्थिमज्जेची तपासणी होते. रिपोर्टमध्ये मानेतल्या गाठींची जागा ‘लेव्हल’ने लिहितात: ‘लेव्हल वन’ म्हणजे हनुवटी-जबड्याखाली, ‘टू’ ते ‘फोर’ कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत, ‘फाइव्ह’ मानेची मागची बाजू. या लेव्हल म्हणजे स्टेज नव्हे, फक्त जागा. गाठी एकाच भागात असतील तर स्टेज एक, डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) एकाच बाजूला अनेक भागांत असतील तर दोन, दोन्ही बाजूंना तीन, मज्जा किंवा यकृतात पसरला तर चार. इथे चौथी स्टेज म्हणजे उपचार संपले असं नाही.

५. केमोआधी विचारायचं ते विचारा

बऱ्याचदा दर 21 दिवसांनी ‘चॉप’ (चार औषधांची) केमो, साधारण सहा वेळा. सीडी30 असेल तर ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध जोडता येतं का, ते विचारा. ते महाग आहे. काहींना पुढे स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण सुचवतात. सुरुवातीआधी हृदयाचा इको, हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही तपासण्या व्हायला हव्यात. मूल हवं असणाऱ्यांनी शुक्राणू किंवा बीजांडं साठवण्याबद्दल आधीच बोलावं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन विचारा.

‘चॉप’मधल्या डॉक्सोरुबिसिननंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, घाबरू नका. पण केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत गेला, तर घरी तापाची गोळी घेऊन वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.